भटक्या टोप्या आणि बापूंची छाती

आमच्या कामाच्या खोलीत शिरताना दोन गोष्टी दाराबाहेर ठेवाव्या लागत. पायातल्या चपला आणि हातातल्या बांगड्या. चपलांचं कुणाला काही वाटायचं नाही, देवळातही आपण त्या काढतोच. बांगड्यांवरून मात्र माझ्या घरात बरीच वर्षं धुसफूस चालली. "नवरा धडधाकट हाय, आन् रोज भुंडे हात करून कसल्या कामाला जातीस गं?" असं सासूबाई विचारायच्या. काम सांगितलं की त्या आणखी भडकायच्या, कारण काम होतं बंदुकीची काडतुसं भरायचं.

आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. बँकेतल्या बाईंचं झालं, कंपाउंडरांचं झालं, पोस्टातल्या काकांचं तर दोनदा झालं. यंदा माझ्याकडे मागणी आली तेव्हा मी विचारलं, "घाबरला तर मला बोल लावायचा नाही, चालेल?" अंक काढणाऱ्या बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. तेव्हा आता वाचाच.

मी माहेरची हुपरीची. तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं. पैंजणाला घुंगरू जोडत मी मोठी झाले. घुंगरू हातातून निसटून फरशीवर पडला की तो भरीव आहे की पोकळ, हे मान वर न करता सांगता यायचं. त्यात काही विशेष नव्हतं, आमच्या गल्लीत सगळ्याच पोरींना ते येत होतं. लग्न होऊन शहराच्या कडेला, कळंब्याला आले, यजमान दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. शहरात राजारामपुरीत बंदुकांचं एक परवान्याचं दुकान होतं, त्या मालकांना बारीक कामाला हलक्या हाताचं माणूस हवं होतं. यजमानांनी माझं नाव सांगितलं आणि घरी येऊन, सासूबाई देवळात गेलेल्या बघून, मला ते हळूच कळवलं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावा म्हणून दोन शब्दांत सांगते. आमच्याकडे छर्ऱ्याची काडतुसं यायची. डुकरं पिकात घुसतात म्हणून परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आणि मातीच्या उडत्या तबकड्या फोडायचा खेळ खेळणारे नेमबाज, ही आमची गिऱ्हाइकं. काडतूस उडालं की मागं रिकामं नळकांडं उरतं. त्याच्या पितळी बुडाच्या मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक पितळी टोपी बसवलेली असते. बंदुकीचा घोडा त्या टोपीवर आपटतो, टोपी पेटते आणि ती बाकीचं सगळं पेटवते. आमच्या लोखंडी प्रेसचा दांडा ओढला की जुनी, उडालेली टोपी खाली पडायची, मग तिच्या जागी नवी बसवायची आणि नळकांडं पुन्हा भरायचं. काम म्हणाल तर एवढंच.

उडालेल्या टोपीच्या तोंडाला खळी पडलेली असते. ती मेलेली. न उडालेलीचं तोंड गुळगुळीत असतं. ती जिवंत. लोक बाळाच्या गालावर खळी दिसली की खूश होतात, आमचा टोपीवर खळी दिसली की जीव भांड्यात पडायचा. कारण जिवंत टोप्या ट्रेच्या खाचांतून उभ्या असायच्या, आणि कधी टेबलाला धक्का लागला, कधी बोट घसरलं, की एखादी सुटून गडगडत जायची. तिला आम्ही भटकी म्हणायचो. भटकी टोपी टाचेखाली, खुर्चीच्या पायाखाली किंवा केरसुणीबरोबर कुठं दगडावर आपटली तर डोळा जाऊ शकतो. शिवाय खोलीत बंदुकीची दारू. म्हणून भटकी सापडल्याशिवाय पुढचा दांडा ओढायचा नाही, हा पहिला नियम. आणि सापडली तरी तिला ट्रेमध्ये परत घ्यायची नाही, तेलाच्या डब्यात बुडवायची, हा दुसरा.

हे नियम बापूंचे. बापू म्हणजे दुकानातले जुने कारागीर, सरकारी शस्त्रागारातून निवृत्त झालेले, बिडीनं पिवळ्या पडलेल्या मिशांचे. त्यांचा डावा कान कामातच गेला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाले, "बांगड्या काढ."

"का हो?"

"वाजत्यात. टोपी पडली तर ऐकाय कशी येणार? माझा एक कान मेलाय. तुझे दोन हाईत, त्ये कामाला लावू. डोळं काय, नंतर बघत्यात."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण महिनाभरात मला सगळं ऐकू यायला लागलं. मेलेली टोपी हलकी पडते, टिक. जिवंत जड पडते, टक. घुंगरांसारखंच. टक ऐकलं की आम्ही दोघं जागच्या जागी थिजायचो. मग मी अनवाणी पायांनी फरशी चाचपत फिरायची, कारण डोळ्यांना न दिसणारी टोपी तळव्याला लागते. सापडली की बापू तेलाच्या डब्याचं झाकण उघडायचे आणि म्हणायचे, "जा बाई, नीज."

तरीही टोप्या, मेलेल्या आणि एखादी जिवंतही, पडायच्याच, आणि पडलेली टोपी धरायची कशी यावर आमचे प्रयोग अखंड चालू असत. प्रेसला कारखान्याचा एक प्लास्टिकचा कप होता, पण निम्म्या टोप्या त्याच्या काठावरून उडी मारून जायच्या. बापूंनी घरून परात आणली. परातीत आवाज झकास यायचा, पण टोपी आपटून थेट कपाटाखाली पळायची. मी परातीत टॉवेल घातला, तर टोपी गपगार बसायला लागली, पण आवाजच गेला. मग मी हुपरीची युक्ती काढली. चांदीचा चुरा वाया जाऊ नये म्हणून तिथं टेबलाखाली कापडाची झोळी बांधतात, तशी मी प्रेसला बांधली. सगळ्या टोप्या झोळीत. मी खूश. बापूंनी ती दुसऱ्या दिवशी सोडून टाकली.

"अहो बापू, एक तरी बाहेर पडली का?"

"त्येच की! पडली का न्हाय त्ये कळंना झालंय. झोळी फाटली तर कुणाला सांगणार हाय ती? जी वाजत न्हाय ती वैरीण."

मग त्यांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणून प्रेसला चिकटवलं. आमच्या टोप्या पितळेच्या. चुंबकाला खिळे चिकटले, कात्री चिकटली, माझी साडीपिन चिकटली, टोपी काही चिकटली नाही. बापू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही पितळ मीच बनवलं होतं.

तेवढ्यात त्यांचा खोकला वाढला. जवळच्याच एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला, औषधं दिली, बिडी सोडायला सांगितली. बापूंनी बिडी सोडली नाही, पण तो एक्स-रे घेऊन दुकानात आले. "डाक्टर ह्येच्यात बघून मान हलवायलाय. त्येला काय दिसतंय कुणास ठावं. म्हटलं, आपल्याला कामाला ईल."

त्यांनी ती काळी फिल्म पन्हळीसारखी वाकवली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी प्रेसखाली बसवली आणि खालच्या टोकाला बाटली लावली. दांडा ओढला. टोपी फिल्मवर पडली, सर्र करून घसरली आणि बाटलीत वाजली. उडी नाही, पळणं नाही, आणि आवाज खणखणीत. सर्र, टिक. सर्र, टिक. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसत सुटलो. घासून घासून फिल्मला वीज धरते आणि ते टोप्यांना चांगलं नाही, म्हणून रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसायची असं ठरलं. मागं खिडकी होती. खिडकीतून उजेड आला की फिल्ममधल्या बरगड्या उजळायच्या, आणि टोप्या एकेक बरगडी ओलांडत खाली जाताना दिसायच्या.

बापू गेले तेव्हा आम्हाला त्या फिल्मची आठवणच राहिली नाही. उन्हाळ्यात गेले. डॉक्टरांना जे दिसलं होतं ते खरंच तिथं होतं. दिवस झाले, दुकान उघडलं, मी खोलीत गेले, चपला काढल्या, बांगड्या काढल्या, फडकं ओलं केलं आणि हात पुढं नेला, तेव्हा एकदम लक्षात आलं की आपण कुणाची छाती पुसतोय. मी रडले. मग पुसली, कारण काम होतं. माणूस जाळून आलो होतो आणि त्याच्या बरगड्या माझ्यासमोर उजेडात लख्ख दिसत होत्या. दुसरी फिल्म लावावी असं मालक म्हणाले. मी नको म्हटलं. मला भीती वाटत होती, पण ती काढायची त्याहून जास्त भीती वाटत होती.

गिऱ्हाइकांना हे कळायला वेळ लागला नाही. राजारामपुरीतच क्लास चालवणारे एक सर होते, आम्ही त्यांना क्लासवाले सरच म्हणायचो. तबकड्यांच्या नेमबाजीचा नाद. काडतुसं भरताना उभं राहून बघायची त्यांना हौस. एकदा त्यांनी विचारलं, "अक्का, हा एक्स-रे कुणाचा?"

"बापूंचा."

"पण बापू तर..."

"व्हय."

सर फिल्मकडे बघत राहिले. मी दांडा ओढला, सर्र, टिक. तेव्हापासून ते उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलायला लागले. विज्ञान शिकवायचे ते.

दुसरं एक गिऱ्हाईक याच्या उलट होतं. जयसिंगपूरकडचे एक म्हातारे जैन व्यापारी. वडिलांच्या नावावरची बंदूक यांच्याकडे आली होती, आणि यांनी तिच्यातून कधी मुंगीही मारली नव्हती. निवडणूक लागली की लोकांना बंदुका जमा कराव्या लागतात, तेवढ्यापुरते ते यायचे. बंदूक देताना ती सांध्यात उघडून नळी डोळ्याला लावून आत बघत राहायचे. मी विचारलं, "आत काय बघता हो?" तर शांतपणे म्हणाले, "कोण हाय का बघतो. वडलांची हाय न्हवं." त्यांनाच फक्त बापूंच्या फिल्मचं काही वाटलं नाही. जाताना तिच्याकडे बघून हात जोडले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तशी दुकानात प्रेसची व्हायची. प्रेस धुऊन पुसून हळदकुंकू, झेंडूच्या माळा, समोर नारळ. कामातल्या प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना पूजेत मांडायचा, त्यात टोप्यांचा एक भरलेला ट्रेही. दारू मात्र त्या दिवशी खोलीत नसायची, बापूंनी ते ठरवून दिलं होतं. पूजेला मालकांच्या घरच्या वहिनी यायच्या. फार मायाळू बाई. बापू गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला त्या आल्या आणि प्रेसखालच्या बरगड्या बघून दचकल्या.

"अगं शालन, सणासुदीला हाडं कशाला समोर? काढ बघू ती."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं. मी चिमटे सोडले आणि फिल्म भिंतीशी उभी करून ठेवली. मग वहिनींचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "आणि नवरात्रात भुंडे हात? आज काही काम नाही. बांगड्या घाल, तुझी ओटी भरायची आहे." म्हणून मी बाहेर जाऊन बांगड्या घालून आले. नव्या हिरव्या बांगड्या होत्या. कामाच्या पहिल्या दिवसानंतर त्या खोलीत माझ्या हातात बांगड्या वाजल्या त्या तेव्हाच.

पूजा झाली. वहिनींनी सगळ्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि टेबलाशी उभ्या राहूनच माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण. मी प्रेससमोर पदर पसरून वाकले होते. ज्या जागी रोज बापूंची छाती असायची, त्या जागी त्या दिवशी माझा पदर होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

यजमान प्रसादाला आले होते. ओटीचे तांदूळ, नारळ, सगळं एका पिशवीत घालून मी त्यांच्याबरोबर घरी पाठवलं. ओटीचे तांदूळ घरात शिजवून त्या बाईनं खायचे असतात, कुणाला द्यायचे नसतात. आमच्याकडे नवमीला त्याची खीर करतात, आधी तांदूळ तव्यावर परतून. सुनेला, पल्लवीला, ते माहीत होतं. मालक आणि वहिनी घरी गेले. खोली पुन्हा लावायला मी मागं थांबले.

दुपारची वेळ. राजारामपुरीतली दुकानं त्या वेळी बंद असतात, रस्त्यावर एखादी रिक्षा सोडली तर काही वाजत नाही. मी शटर अर्धं ओढलं, सवयीनं बांगड्या उतरवून ठेवल्या आणि माळा गोळा करायला वाकले.

सर्र. टक.

मी थिजले. आवाज भिंतीकडून आला होता. तिथं फिल्म उभी होती. तिला बाटली लावलेली नव्हती. तिच्याखाली काही नव्हतं. आसपास मी सोडून कुणी नव्हतं. आणि हलकी टिक नव्हती ती. जड होती. जिवंत.

ऊन लागलं की फिल्म आखडते आणि वाजते, हे मला माहीत आहे. पण त्या भिंतीला दुपारचं ऊन येत नाही, आणि आखडलेली फिल्म घसरत येऊन पडल्यासारखी वाजत नाही. मी खोटं कशाला बोलू, मी बारीक आवाजात "बापू?" असं म्हटलं. उत्तर आलं नाही. आलं असतं तर आज हे लिहायला मी नसते.

मग पायांनी काम सुरू केलं. सगळी फरशी चाचपली. काही नाही. मग पूजेतल्या ट्रेकडे गेले. टोप्या खाचांत ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर कुंकू. एक खाच रिकामी होती. मी वाकून बघितलं, तर त्या खाचेच्या तळाशी कुंकू पडलेलं होतं. म्हणजे वहिनींनी कुंकू वाहिलं त्याच्या आधीच ती जागा रिकामी झाली होती. अक्षता टाकायच्या आत, ओटी भरायच्या आत, टोपी ट्रेमधून सुटून टेबलाच्या काठाशी येऊन थांबली होती, आणि वाहिलेलं कुंकू तिच्यावर तिथंच पडलं असणार. आणि मी तिथंच खाली पदर पसरून उभी राहिले. बांगड्या वाजत होत्या. पदरात तांदूळ होते, त्यात पडलेलं काही वाजणार कसं? झोळीत पडलेली टोपी वाजत नाही, हे बापूंनी मला किती वेळा सांगितलं होतं.

आणि ते तांदूळ तव्यावर परतायचे होते.

मी घरी फोन लावला. पल्लवीनं उचलला.

"पल्लवी, तांदूळ परतलेस का?"

"न्हाय वो आई. आता ताटात घेऊन निवडायला बसलो हुतो. त्यात पितळेचं कायतरी निघालं. टक करून ताटात पडलं."

"कधी?"

"आत्ताच की. तुमचा फोन यायच्या जरा आधी."

"कुठाय ते?"

"देवाजवळ ठिवलंय. कुंकू लागलेलं हुतं न्हवं त्याला, म्हटलं पूजेतलं असंल. अखंड दिव्याच्या ताटलीत ठिवलंय, वातीजवळ."

"आणि परी?"

परी म्हणजे माझी नात. नुकती बसायला लागली होती.

"तितंच बसलीया दिव्याकडं बघत. का वो आई?"

मी ओरडले नाही. बापूंनी शिकवलं होतं, जिवंत टोपीजवळ ओरडायचं नाही. मी हळू आवाजात म्हटलं, "पोरीला उचल आणि बाहेर अंगणात जा. दिव्याला हात लावू नकोस. ताटलीला लावू नकोस. कुणाला आत जाऊ देऊ नकोस. मी आले."

"दिवा इझवू का?"

नवरात्रातला अखंड दिवा. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून मी तो एकदाही विझू दिला नव्हता. पण मी नाही म्हटलं ते त्यासाठी नाही. विझवायला तिला तोंड वाकवून दिव्याजवळ न्यावं लागलं असतं. "नको," मी म्हटलं, "फक्त बाहेर जा."

रिक्षात बसले तेव्हा माझ्या पायात चपला नव्हत्या. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "काय झालंय मावशी? दवाखान्यात घ्यायची का?" मी म्हटलं, "कळंबा. घरी." त्यानं रिक्षा पळवली. वाटेत मी कान देऊन बसले होते. इतक्या लांबून ऐकू येणार नाही हे कळत होतं, पण मघाशीही ते येणार नव्हतंच आणि आलं होतं. प्रत्येक खड्ड्यात काहीतरी टक वाजायचं. कळंब्याचं तळं दिसलं तेव्हा मी त्याला आणखी हाण म्हटलं.

पल्लवी परीला घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. यजमान दारात आडवे उभे होते. मी आत गेले. देवघरात घट, त्याला फुटलेले धान्याचे पिवळे कोंब, आणि दिवा. ताटलीत तेल ओघळलेलं होतं, आणि त्या तेलाच्या कडेला कोरड्या जागी टोपी उभी होती. गुळगुळीत तोंड, त्यावर कुंकवाचा ठिपका. वात कलली होती आणि ज्योत तिच्या अगदी अंगावर आली होती. एवढी लहान वस्तू, पण मला ती घरात येऊन बसलेल्या माणसासारखी दिसली.

मी गुडघ्यावर बसले, श्वास रोखला आणि घुंगरू उचलावा तशी ती दोन बोटांत उचलली. गरम होती. किती गरम झाली की ती जाते, हे मला माहीत नाही. बापूंनाही माहीत नव्हतं, ते म्हणायचे, "ह्ये ज्येला कळलं त्यो सांगाय ऱ्हायला न्हाय." ज्योत जराशी हलली आणि परत सरळ झाली. दिवा विझला नाही.

दुकानात परत जाऊन मी ती तेलाच्या डब्यात सोडली. झाकण उघडून धरायला कुणी नव्हतं, तेव्हा मीच म्हटलं, "जा बाई, नीज." मग फिल्म ओल्या फडक्यानं पुसली आणि प्रेसखाली पुन्हा चिमट्यांनी लावली. वहिनींना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी पूजेत पहिलं कुंकू फिल्मला लावलं, आणि ओटी दुकानाच्या पुढच्या खोलीत भरली.

क्लासवाल्या सरांनी ऐकलं आणि योगायोग म्हणाले. तांदूळ निवडायची वेळ दुपारचीच, फिल्म वाजायची वेळ दुपारचीच, त्यात काय विशेष. मी मान डोलावली. ते उंबऱ्याबाहेरूनच बोलत होते.

मला विचाराल तर मला कळत नाही. इतक्या वर्षांत मला एवढंच कळलं की कळंब्यात माझ्या सुनेच्या ताटात टोपी पडली आणि राजारामपुरीत मला ती ऐकू आली. कुणी ऐकवली हे मी स्वतःपुरतं ठरवलंय. लोकांना भुताची भीती वाटते. मला वाटते ती अशा खोलीची, जिथं काही पडलं तरी ऐकू येत नाही.

मालकांच्या मुलांना हा धंदा नको होता. त्यांनी भरायचा परवाना परत केला, प्रेस विकला आणि तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. असं बारीक, ध्यान देऊन करायचं काम पुन्हा हाताला मिळालं नाही. प्रेस नेताना फिल्म कुणी मागितली नाही. ती मी घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली. परी आता शाळेत जाते. तिनं विचारलं, "आजी, ह्ये कोण?" मी म्हटलं, "बापू." तिला ते पुरलं. अंघोळ झाली की रोज ओल्या फडक्यानं ती त्यांना पुसते.

पल्लवीनं त्या दिवसाबद्दल मला कधी काही विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. ती हल्लीची मुलगी आहे, उपासतापास फारसे मानत नाही. पण अजूनही तांदूळ निवडायला बसायच्या आधी ती दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून ओट्यावर ठेवते.